कासवाचा आवाज

चाळिशी ओलांडलेला बाप्या माणूस, मिशीत पांढरं आलेलं, मार्केट यार्डाजवळ स्वतःचं दुकान, आणि रविवारपासून भिंतीकडं तोंड करून पडलाय. कशापायी, तर बाहुल्यांपायी. कापडाच्या, आत हात घालून नाचवायच्या बाहुल्या. शेजारीण विचारते, "इंद्रजित दिसंना झालाय, बरं न्हाई का?" तिला काय सांगू? कासवानं शब्द फिरवला म्हणून माझा लेक खचलाय, असं सांगू? जेवायला हाक मारली की ताटावर येतो, भाकरी मोडतो आणि घास हातात धरून मलाच विचारतो, "आये, आपल्या वस्तीवरच्या हिरीला कठडा व्हता का?" होता म्हणते. "दगडाचा?" दगडाचा म्हणते. "आन् काळं कुत्रं व्हतं न्हवं?" होतं. "त्याला पांढरा पंजा?" अरे बाबा, मेलेल्या कुत्र्याचे पंजे सांगता सांगता माझी आमटी निवून जाते. चौकीत साक्ष द्यावी तशी मी रोज साक्ष देते आणि ह्याचं समाधान काही होत नाही. मी हरणाबाई, शाळेत जेमतेम दोन वर्षं गेले, सही येते, एसटीची पाटी वाचता येते. पण खटावच्या माळावर मेंढरं वळली आहेत आणि वडूजच्या बाजारात व्यापाऱ्याला चार माणसांत खाली बघायला लावलंय. माझ्या पोटचं पोर भिंतीकडं तोंड करतं, हे मला बघवत नाही. राग येतो. राग आला की मी भांडी आपटते. दीपमाला, माझी सून, मग हळूच भांडी माझ्या हातातून काढून घेते आणि म्हणते, "आत्ती, ऱ्हाऊ द्या, म्या घासते."

त्याचं डोकं फुटलं होतं, हे खरं. गेल्या ऊसहंगामात मिरजेच्या रस्त्याला उभ्या ट्रॉलीवर मागून गाडी घातली. ट्रॉलीला मागं दिवा नाही, कापड नाही, काही नाही. दवाखान्यात पडला तेव्हा बायकोला ओळखी, मला ओळखी, पण कालचं विचारलं की डोळे मिटून घेई. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, घाई करू नका. त्या दिवसांत गुंगीत तो एकच बोलायचा, "तू चाल, ती निघंल. तू चाल, ती निघंल." दीपमालाला वाटलं आपल्याला बोलतोय. मला ते शब्द कुठंतरी ऐकल्यासारखे वाटले. एखादा माणूस बाजारात समोरून जातो, चेहरा ओळखीचा, गाव आठवत नाही, तसं झालं. मी डोकं खाजवलं आणि सोडून दिलं. आयुष्यभर तोंड चालवलेली बाई मी, कुठले शब्द कुणाचे याची खतावणी कोण ठेवतो? घरी आल्यावर दुकान उघडलं, पण पाण्याच्या मोटारीचं वायंडिंग करायला बसला की हात थांबायचा. जळालेली मोटार उकलायची, तारेचे वेढे कसे होते ते मनात धरायचं आणि तसेच नवे भरायचे, हा ह्याचा धंदा. पूर्वी गप्पा मारत मारत करायचा. आता वेढे भरायचा, उलगडायचा, पुन्हा भरायचा. "आये, मी बरोबर धरलं का चूक, ह्येच कळंना," म्हणायचा. गिऱ्हाईक थोडं थांबतं, मग दुसरीकडं जातं. पाणी द्यायचं असतं पिकाला.

मग कुणीतरी ह्याला त्या मंडळात नेलं. सांगलीच्या आमराईत रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात, बायका-पुरुष, सगळे पोराबाळांचे. लहानपणी टीव्हीवर 'पेटीतली मंडळी' म्हणून बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा, तो आठवायला जमतात. ऐकल्यावर मी कपाळाला हात लावला होता. वीरधवल म्हणून कॉलेजात शिकवणारा आहे, तो म्होरक्या. बेकरीवाला आप्पासो हाताला खाकी मोजा चढवून हवालदार टोणगे होतो. "शिट्टी गिळलेला हवालदार आठवतोय का? उचकी लागली की शिट्टी वाजायची!" असं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी गवतावर लोळायचं. पण लेक तिथून हसत घरी यायचा. चहा पिताना एकटाच फुर्र करून हसायचा. दीपमाला सांगायची की त्यांच्यात ह्याचाच भाव वरचा. जोडीतला एकटा उरलेला पायमोजा परटाकडं जातो आणि म्हणतो, माझी बायको हरवली, तो खेळ सगळ्यांना पाठ, पण सगळ्यांचा परीट म्हणतो, "कुठल्या पायाची?" आणि इंद्रजितचा परीट म्हणतो, "बिनबायकूचा लय सुखात हाईस मर्दा, गप वाळत पड." मंडळी ह्याच्या बोलण्यावर जास्त हसायची. त्यांना वाटायचं, गडी मनानं जोडून सांगतोय. ह्याला वाटायचं, आपल्याला इतरांपेक्षा बरं आठवतंय. महिन्याभरात ह्यानं दोन मोटारी न उलगडता भरल्या.  बाहुल्यांनी गुण येत असेल तर येऊ दे, म्हटलं, अंगारा तरी काय निराळा असतो.

आणि परवाच्या रविवारी वीरधवलला कुठूनशी जुनी टेप सापडली, त्यानं ती मोबाईलवर घेऊन आणली. सावलीचा खेळ. लोकरू नावाचं कोकरू, त्याची सावली हरवते, ते डुलाप्पा कासवाकडं जातं. इंद्रजितचा सगळ्यात लाडका. लावायच्या आधी ह्यानं सगळ्यांना सांगितलं म्हणे, आता ऐका कासव काय म्हणतंय ते, माझ्या अंगावर काटा येतो. मग टेप लागली. कासव म्हणालं दुसरंच. ह्यानं सांगितलेला एक शब्द त्यात नव्हता. पहिल्यांदा सगळे हसले, ह्यानं पुन्हा लावायला लावली, तिसऱ्यांदा लावायला लावली, तेव्हा हसायचे थांबले. मग तो वीरधवल, वाईट मनानं नाही, पण शिकलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही, तो म्हणाला, "इंद्रजितराव, मनाला लावून घेऊ नका. डोक्याला मार लागला होता ना तुमच्या, होतं असं." एवढंच. चहा यायच्या आधी लेक घरी आला, चप्पल दारात एक इकडं एक तिकडं, आणि भिंतीकडं वळला.

मंडळातल्या एका बाईनं फोनवर कळवलेली ही कथा मला दीपमालानं त्याच संध्याकाळी गॅसपाशी उभ्याउभ्या सांगितली आणि तिनंच धाडलेली टेप दाखवायला पदराआडून मोबाईल काढला. "ह्ये बघा, ह्याच्यावरनं झालं." मी म्हटलं, बघू तरी, कुठलं कासव माझ्या घरात शिरलंय. चित्र हललं आणि मी ओळखलं. चुन्याची भिंत काढलेला पडदा, कोकराचा एक कान पडलेला, कासवाच्या पाठीवर गोधडीसारखे तुकडे. सगळं ओळखलं, आमच्याच घरातल्यासारखं. मग कासवानं तोंड उघडलं आणि आतून एक पुरुषी, नाकातला, पुण्याकडचा आवाज आला. "दुपारी सूर्य डोक्यावर येतो, म्हणून सावली आखूड होते. समजलं का बालमित्रांनो?" मी मागं सरले. कढईला कोपर लागलं, भाजलं. ते कासव मी इतक्या वेळा बघितलं होतं, आणि त्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

कारण आमच्या टीव्हीला आवाज नव्हता. म्हणजे होता, पण आम्ही तो लावत नव्हतो. त्या साली मालकांनी मेंढरं विकून जुना ट्रॅक्टर घेतला, भाड्यानं नांगरट करायला. वस्तीवर लाईट नव्हती. ह्यांनी लोणंदच्या बाजारातून हातात उचलून नेता येईल एवढा काळा-पांढरा टीव्ही आणला आणि ट्रॅक्टरची ब्याटरी काढून तिच्यावर लावला. सगळी वस्ती अंगणात. आणि ह्यांच्या डोक्यात कुणी भरवलं होतं देव जाणे, की चित्राला करंट कमी लागतो, आवाजच ब्याटरी खातो. सकाळी ट्रॅक्टर चालू झाला नाही तर नांगरट बुडणार. म्हणून आवाजाचं बटण पार बंद. बातम्या मुक्या, गाणी मुकी, शेतीचा कार्यक्रम मुका. मोठ्या माणसांना चालायचं, आपापसात बोलत बसायची. पण बाहुल्या लागल्या की पोरं केकाटायची, काय म्हणतंय, काय म्हणतंय? मी अंगणातल्या चुलीपाशी भाकरी थापत असायची. आधी वैतागून बोलायला लागले, पोरं गप बसावीत म्हणून. हवालदाराला मी आमच्या पोलीसपाटलाची बोली दिली. परीट आमच्या थोरल्या दिरासारखा बोलायचा, तो आयुष्यभर बिनलग्नाचा, त्यालाही हसू यायचं. बाहुलीचं तोंड उघडलं की माझं तोंड उघडायचं. भाकरी तव्यावर, डोळे पडद्यावर, कधी करपायची. इंद्रजित तेव्हा पाच-सहा वर्षांचा, वस्तीत सगळ्यात धाकटा, म्हणून सगळ्यात पुढं, नाक जवळजवळ काचेला. वस्तीवर लाईट येईतो बाहुल्यांचा कार्यक्रमच बंद झाला होता.

आणि ते सावलीचं. ते आठवलं तेव्हा मी गॅस बंद करून खाली बसले. मेंढरं विकली त्यात ह्याचं कोकरू गेलं होतं. टेंपोत चढवताना ते ओरडलं आणि ह्यानं ते ऐकलं. मग कितीतरी दिवस एकच, "आये, त्ये माज्यावर रुसून गेलं का?" मी काय सांगणार होते? माझ्याच हातानं मी त्याच्या गळ्यातली घुंगरी सोडून घेतली होती. मी म्हणायची, "गप ऱ्हा. कामं हायती." असंच बोलता यायचं मला, माझी आईही असंच बोलायची. माळावर वाढलेल्या बाईला मऊ बोलायला जागाच नसते, ऊन असतं आणि हाकारे असतात. आणि एके दिवशी त्या काचेवर एक कोकरू आलं आणि आपली सावली शोधत कासवाकडं गेलं. पोरं म्हणाली, काय म्हणतंय? माझ्या हातात पीठ. मी म्हणाले, "आजा, माझी सावली गेली, ती माज्यावर रुसली का?"  मग कासवानं तोंड उघडलं. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात, ते माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि मी कासवाच्या तोंडून म्हणाले, "रुसली न्हाई रं लेकरा. तिलाबी ऊन लागतंय, म्हणून तुज्या पायाखाली बसलीया. तू चाल, ती निघंल." पुढं बसलेल्या ह्याची पाठ मला दिसत होती. उघडी पाठ, पाठीवर मणके. ती एकदा हलली आणि सैल झाली. दुसऱ्या दिवसापासून ह्यानं कोकराचं विचारलं नाही. मी समजले, पोरं विसरतात.

तर उठायचं, खोलीत जायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच उरलं होतं. मी उठले नाही. कारण दीपमाला बोलून गेली होती. भांडी पुसता पुसता, तिला वाटलं मी रागावणार नाही. म्हणाली, "आत्ती, ते सगळ्यांना सांगायचे, आमची आई लय कडक, तिच्या तोंडाम्होरं वारा थांबत न्हाई, माया कशी बोलत्यात ते मला त्या कासवानं शिकिवलं." बघा आता. माझेच शब्द, माझ्याच चुलीपुढचे, आणि मान कुणाला, तर चिंधीच्या कासवाला. सोमवार गेला, मंगळवार गेला, मी भांडी आपटत राहिले. आत एक बाई म्हणायची, जा, तुझं आहे ते मागून घे. दुसरी म्हणायची, राहू दे त्याला त्याचं कासव. तू सांगितलंस की ते मेलं, आणि त्याच्या जागी कोण, तर तू, हाताला पीठ लागलेली, गप ऱ्हा म्हणणारी. कुणाला आवडेल असली अदलाबदल? आणि तिसरी भीती होती, ती खरी. हा विश्वास ठेवेल का? आजारी माणसाची समजूत काढायला आई काहीही बोलते, हे त्यालाही कळतं. कुत्र्याला पांढरा पंजा होता म्हटलं तरी तो माझ्याकडं संशयानंच बघायचा. मी हो म्हणते ते होतं म्हणून, की त्याचं डोकं सांभाळायला? आधी त्याचा कालच्या आठवणीवरचा विश्वास उडाला, मग परवाच्या, आता तो संशय पार लहानपणच्या चुलीपर्यंत येऊन पोचला होता. बुधवारी त्यानं मला विचारलं, "आये, मी लहान असताना तू मला मारायचीस, का ते बी मी मनानंच धरलंय?" मी म्हणाले, "मारायची. चांगली मारायची." त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

गुरुवारी बिराप्पाला फोन लावला. त्याच अंगणातलं पोर, आता शिरवळला कारखान्यात आहे. मला पारखून घ्यायचं होतं. उद्या मीच म्हातारी चुकत असले तर? "बिराप्पा, आपल्या वस्तीवर बाहुल्या बघायचास, ध्यानात हाय का रं?" तो फोनवर एवढा हसला की मी कानापासून लांब धरला. "हरणाकाकू! आवं, मुका टीव्ही! तुमीच तर बोलायचा. आमी थोरली पोरं टीव्ही कमी आन् तुमाला जास्त बघायचो. भाकरी जळली तरी हवालदार थांबायचा न्हाई तुमचा. अजून म्या माज्या पोरीला झोपवताना त्येच सांगतो, तू चाल, ती निघंल." मग म्हणाला, "का वं, काय झालं?" मी म्हणाले, "काय न्हाई. जेवलास का?" मी फोन ठेवला. शिरवळला एका मुलीला मी झोपवत होते आणि मला पत्ता नव्हता. माझा हट्ट तिथं जरासा ढिला पडला. फुकट वाटलेल्या गोष्टीवर हक्क कसला सांगायचा? पण वाटणारा कोण होता, हे घरच्या माणसाला कळायला हवं. आणि चार माणसांत जे पडलं, ते चार माणसांतच उचलायला हवं. घरात, गादीवर, हळू आवाजात सांगून ते उठणार नव्हतं.

रविवारी सकाळी मी चांगलं लुगडं नेसले आणि म्हणाले, "मला आमराईत घिऊन चल." "आये, तितं नगं." "तुज्या मंडळापायी न्हाई. डॉक्टरनं मला चालायला सांगितलंय." डॉक्टरनं असलं काही सांगितलेलं नव्हतं. दीपमाला तोंड दाबून आत गेली. रिक्षात तो खाली मान घालून, मी ताठ. झाडाखाली मंडळी बसलेलीच होती. ह्याला बघून आप्पासो उठला, हाताला मोजा होताच. "या या, इंद्रजितराव! हवालदाराला उचकी लागंना झालीया तुमच्याबिगर." एक बाई म्हणाली, "तुमचा परीट सांगा ना, आमच्या परटाला मजा नाही." ती माणसं वाईट नव्हती. थोराड अंगांची, कुणाला चष्मा, कुणाच्या पोटावर शर्ट ताणलेला, आणि डोळ्यांत ते लहानपणचं पाणी. आमच्या अंगणातली पोरंच, फक्त दुसऱ्या अंगणांतली. वीरधवल नमस्काराला वाकला. मी विचारलं, "मास्तर तुमीच का?" "हो आजी." "त्ये कासवाचं हाय का तुमच्याकडं? लावा." इंद्रजित म्हणाला, "आये, चल घरला." मी म्हणाले, "लावा. आन् त्याचा आवाज पार बंद करा."

मोबाईल आप्पासोच्या पिशवीला टेकवून बाकड्यावर ठेवला. लेकाला मी खांद्याला धरून पुढं बसवला, मंडळी भोवती, मी सगळ्यांच्या मागं उभी. हात कुठं ठेवावेत कळेना, चूल नव्हती ना.  शब्द आले नाहीत तर? चुकीच्या जागी आले तर? मग चित्र हललं. पडका कान आला. आणि कोकराचं तोंड उघडलं तसं माझं उघडलं. आवाज जुना झालाय, खरखरतो, पण जागा चुकली नाही. "आजा, माझी सावली गेली, ती माज्यावर रुसली का?" कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. इंद्रजितची पाठ मला दिसत होती, आता शर्टातली, रुंद. कासव हललं. "रुसली न्हाई रं लेकरा," मी म्हणाले. त्याची मान कडक झाली. "तिलाबी ऊन लागतंय, म्हणून तुज्या पायाखाली बसलीया." मी थांबले नाही, कारण कासव थांबलं नव्हतं, पुण्याकडचा तो माणूस जेवढा बोलला होता तेवढ्यातच मला बसवायचं होतं, तेव्हाही आणि आताही. "तू चाल, ती निघंल." कासवाचं तोंड मिटलं. माझंही.

 मग मी त्या मंडळींना सांगितलं, ट्रॅक्टर, ब्याटरी, बंद बटण, सगळं. मऊ करून नाही सांगितलं, मालकांचं अडाणीपण झाकलंही नाही. आप्पासोच्या हातातला हवालदार तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होता. वीरधवल म्हणाला, "म्हणजे त्यांनी जे सांगितलं ते सगळं..." मी म्हणाले, "सगळं. परीट सुदिक." त्यानं चष्मा काढला आणि इंद्रजितपुढं हात जोडले, सरळ, चार माणसांत. त्याबद्दल मी त्याला मनात दहा मार्क दिले. पण लेकाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो अजून मोबाईलच्या काळ्या काचेकडं बघत होता. मग तो बसल्या जागी हळूहळू मागं वळला. डोळे भरलेले, पण घाबरलेले नव्हते. "आये," तो म्हणाला, "त्ये कासव तू व्हतीस?" दवाखान्यातून आल्यापासून त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न, जो साक्षीसाठी नव्हता.  मऊ बोलायची वेळ होती खरी, पण पडदा नव्हता, कासव नव्हतं, माझ्या शब्दांना फक्त माझंच तोंड होतं.

"व्हय, मीच. आन् ऐक," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुज्या डोक्याला कायबी झालेलं न्हाई. पाच वर्साचा असताना ऐकलेलं, कानामात्रा न हालवता संभाळलंयस, त्ये काय फुटक्या डोक्याचं काम हाय व्हय? तू धरलंस त्ये बरोबर धरलंस. कोण बोलतंय, एवढंच बघायचं ऱ्हायलं व्हतं तुजं. त्ये आज बघितलंस. आता उठ, डोळं पूस, आन् मला हात दे; पाय लय दुखाय लागल्यात माजं."